बेअरिंग कुणी खाल्लं?

हातकणंगले तालुक्यात विजेच्या मोटारीवाचून चालणारा उद्योग शोधूनही सापडायचा नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज याच तालुक्यात सूतगिरण्या, सायझिंग, प्रोसेस, शिरोलीच्या फौंड्र्या, हुपरीचा साखर कारखाना आणि लक्ष्मी औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉपं दिवसरात्र मोटारींवर चालतात. अलीकडे यातल्या बऱ्याच मोटारींच्या आधी एक पेटी बसली आहे. तिला कुणी व्हीएफडी म्हणतं, कुणी नुसतंच ड्राइव्ह. मोटारीचा वेग हवा तसा कमीजास्त करणारी ही पेटी वीज वाचवते. ती बसल्यानंतर काही मोटारींची बेअरिंगं मात्र लवकर वाजू लागली, आणि त्यावरून देखभाल करणाऱ्यांत दोन तट पडले.

पुढचा संवाद मी जुळवलेला आहे. यातली माणसं नावानिशी कुठे भेटणार नाहीत, पण दोघांचं म्हणणं या भागात मोटारींशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. अण्णांचं हातकणंगल्यात वाइंडिंगचं दुकान आहे. मोटारी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. समोर एका सूतगिरणीच्या देखभाल विभागातली तरुण इंजिनिअर आहे. गिरणीच्या ह्युमिडिफिकेशन प्लांटमधल्या पंख्याची मोटार घेऊन ती आली आहे.

अण्णा : मॅडम, माझं सरळ हाय. बेअरिंग मरतं ते माणसाच्या हातानं. पुलर सापडत न्हाई म्हणून पाइप लावून ठोकतात. बेल्ट नको तेवढा ताणतात. ग्रीस ठासून भरतात, आणि त्यानं गरम झालं की आणखी भरतात. आता ड्राइव्ह आला, तर समदं त्याच्या माथ्यावर.

इंजिनिअर : ठोकून मारलेली बेअरिंगं मीही पाहिलीत अण्णा. पण ही मोटार आधी थेट लाइनवर चालत होती, तेव्हा कधी कुरकुरली नाही. बेल्ट तोच, फिटर तोच, ग्रीसही तेच. बदल झाला तो फक्त ड्राइव्हचा.

अण्णा : वेगबी बदलला की. हळू फिरताना ग्रीसचा थर नीट बसत न्हाई. मोटारीचा मागचा पंखाबी हळू फिरतोय, म्हंजे मोटार तापतीया. दोष ड्राइव्हचाच म्हणा, पर करंटचा कशावरून?

अण्णांचा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ड्राइव्हवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं म्हणजे ते विजेनेच गेलं, असं म्हणायची आता सवय लागते आहे, आणि त्यातून महागडी बेअरिंगं विनाकारण विकली जातात. विजेचा दोष सिद्ध करायचा तर पुरावा बेअरिंगच्या पोटात असतो. आपल्याकडे तो पुरावा बहुतेक वेळा त्याच दिवशी भंगारात जातो.

इंजिनिअर : म्हणूनच जुनं बेअरिंग बरोबर आणलंय. बाहेरची रिंग कापून बघू. त्याआधी थोडं ग्रीस कागदावर काढून ठेवा.

(अण्णा ग्राइंडरने रिंग कापतात. ग्रीस काळं पडलं आहे. ट्रॅकवर आडव्या, एकसारख्या, जवळजवळ रेघा उमटल्या आहेत. रानात उसाच्या सऱ्या सोडाव्यात तशा.)

अण्णा : अशा रेघा मी पाहिल्यात. उभ्या मशीनला शेजारच्या मशीनची थरथर लागली की अशाच खुणा पडतात. स्टँडबाय पंप वरीसभर बंद ठेवा आणि मग खोलून बघा.

इंजिनिअर : दिसायला सारख्या वाटतात, पण अंतर मोजा. थरथरीच्या खुणा गोळीच्या जागी पडतात, म्हणजे दोन गोळ्यांत जेवढं अंतर तेवढंच दोन खुणांत. हातोड्याच्या खुणाही तशाच. इथे रेघा त्याहून कितीतरी जवळ आहेत आणि जिथे भार येतो त्या सगळ्या पट्ट्यात पसरल्यात. शिवाय ही मोटार कधी बंद नव्हती.

अण्णा : (भिंग लावून बघत) व्हय. हे थरथरीचं न्हाई. पर रबरी बूट घातलेल्या माणसाला शॉक बसत न्हाई आणि ग्रीसमध्ये पोहणाऱ्या गोळ्यांना बसतोय? शाफ्टला कुठली वायर जोडलीया?

इंजिनिअर : वायर लागत नाही. लाइनवरचे तीन फेज कुठल्याही क्षणी बेरजेला घेतले तर उत्तर शून्य येतं. एक वर असतो तेव्हा दुसरे दोन त्याला खाली ओढून धरतात. ड्राइव्हचं तसं नाही. तो ४१५ व्होल्टचा एसी घेऊन आधी साधारण ५६० व्होल्टचा डीसी करतो. मग प्रत्येक फेज एकतर वरच्या टोकाला जोडतो नाहीतर खालच्या. मधली जागाच नाही. मध्यापासून मोजलं तर अधिक २८० किंवा उणे २८०. असे तीन आकडे घ्या आणि बेरीज शून्य करून दाखवा.

अण्णा : (बोटांवर मोजत) दोन वर, एक खाली... एक उरतोयच. तिन्ही वर असले तर मग बोलायलाच नको.

इंजिनिअर : तेच. सरासरी काढली तर कधी ९३ व्होल्ट, कधी २८०, कधी अधिक, कधी उणे. कधीच शून्य नाही. सगळं वाइंडिंग या उरलेल्या व्होल्टेजवर सेकंदाला हजारो वेळा वरखाली होतं. वाइंडिंग आणि रोटर यांच्यात इन्सुलेशन आहे, हवेची फट आहे, पण इतक्या झटक्याने बदलणारं व्होल्टेज फटीपलीकडेही पोचतं. पोचतो तो थोडाच भाग, शंभराला काही थोडे. पाच टक्के धरले तरी २८० चे १४ व्होल्ट झाले. ते शाफ्टवर साठतात.

अण्णा : आणि ग्रीसचा थर?

इंजिनिअर : फिरत्या बेअरिंगमध्ये गोळी आणि रिंग यांच्यामध्ये बहुतेक एका मायक्रॉनहून पातळ थर असतो. व्होल्टेज त्याला झेपेनासं झालं की तो फुटतो आणि ठिणगी पडते. तेवढ्या जागेवरचं पोलाद वितळून बारीक खड्डा पडतो. एका खड्ड्याने काही होत नाही. पण दिवसभर पडत राहिले तर ट्रॅक आधी धुरकट होतो, ग्रीस जळून काळं पडतं, आणि वेग दीर्घकाळ एकच राहिला तर या रेघा उमटतात. मग आवाज येतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ड्राइव्ह विकणारे ती क्वचितच सांगतात. शाफ्टमधून प्रवाह वाहतो हे ज्ञान काल-परवाचं नाही. अल्जर आणि सॅमसन या अमेरिकी अभियंत्यांनी १९२४ मध्येच विजेच्या यंत्रांतल्या शाफ्ट-प्रवाहांवर निबंध प्रसिद्ध केला होता. तेव्हा प्रश्न मोठ्या यंत्रांपुरता होता. लोखंडाच्या पत्र्यांच्या जोडणीत थोडी असमानता राहिली की चुंबकीय क्षेत्र कलतं, शाफ्टच्या दोन टोकांत व्होल्टेज तयार होतं आणि ते दोन्ही बेअरिंगांतून फेरी मारतं. एका बाजूचं बेअरिंग इन्सुलेट केलं की फेरी तुटते. आयजीबीटी नावाचे वेगवान स्विच आल्यावर हा रोग वीस हॉर्सपॉवरच्या मोटारीपर्यंत खाली उतरला, आणि त्याचं रूपही पालटलं. रूप पालटलं म्हणजे औषधही पालटलं पाहिजे. वाद खरा तिथूनच सुरू होतो.

अण्णा : बरं, मानलं. पर मग माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या मोटारी ड्राइव्हवरच्या. समद्यांची बेअरिंगं का जात न्हाईत?

इंजिनिअर : कारण सगळीकडे सारखं घडत नाही. खूप हळू फिरणाऱ्या मोटारीत थर इतका पातळ असतो की धातू धातूला टेकतो, व्होल्टेज साठतच नाही. केबल कशी टाकली, ड्राइव्ह किती लांब आहे, मोटार लोखंडी पायावर बसलीय की रबरी पॅडवर, शाफ्टला पुढे काय जोडलंय, या सगळ्यावर ते ठरतं. आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ड्राइव्ह सेकंदाला किती वेळा स्विचिंग करतो ते.

अण्णा : ती आमची पोरं वाढवतात. मोटार शिट्टी मारायला लागली की मालक कावतोय. मग आठ, बारा किलोहर्ट्‌झवर नेतात, शिट्टी बंद.

इंजिनिअर : शिट्टी बंद, पण स्विचिंग तिप्पट. प्रत्येक स्विचिंग ही ठिणगीची एक संधी. ह्युमिडिफिकेशनच्या डक्टमध्ये शिट्टी कुणाला ऐकू येणार? तिथे दोन ते चार किलोहर्ट्‌झवर ठेवावं. या उपायाला एक रुपया लागत नाही.

अण्णा : ड्राइव्हच काढून टाकला तर? आधी डँपर होताच की.

इंजिनिअर : तेवढं सांगू नका. पंख्याचा वेग शंभरावरून ऐंशीवर आणला तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाने घटते. शून्य पूर्णांक आठचा घन साधारण अर्धा. म्हणजे ३० किलोवॅटच्या पंख्यावर, कागदावर तरी, दिवसाला साडेतीनशे युनिट. पावसाळ्यात बाहेरच हवा दमट असते, तेव्हा पूर्ण वेगाने पंखा फिरवायचं कारणच नसतं. ड्राइव्ह राहणार. पण बेअरिंग अडकून पंखा थांबला तर रिंग फ्रेमच्या खात्यातली आर्द्रता उतरते, तंतू कोरडे पडतात, धागा तुटायला लागतो. बेअरिंगच्या किमतीचा हिशेब मालक करतात. तुटलेल्या धाग्याचा कोण करणार? म्हणून माझं मत, सगळ्या मोटारींना इन्सुलेटेड बेअरिंग घालून टाकायची. एकदाचा प्रश्न मिटेल.

अण्णा : एकदाचा? मॅडम, मघाशी तुम्हीच सांगितलं, व्होल्टेज शाफ्टवर साठतंय. बेअरिंगचं दार लावलं म्हणून ते जिरणार हाय का? शाफ्टला कपलिंग, कपलिंगला पंख्याचा शाफ्ट, त्याला प्लमर ब्लॉकची बेअरिंगं. मोटार वाचंल आणि पंखा मरंल. एन्कोडर असला तर तो आधी.

(ती थोडा वेळ काही बोलत नाही.)

इंजिनिअर : बरोबर आहे. निदान कपलिंग तरी इन्सुलेटेड हवं. आमच्या या पंख्याला बेल्ट आहे म्हणून तिथे अडचण कमी.

अण्णा : आणि बाहेरच्या रिंगवर तो पांढरा लेप असतोय, केवढा जाड असतोय तो?

इंजिनिअर : मिलिमीटरचाही अंश. मेगरवर उत्तम दाखवतो, पण झटक्याने बदलणाऱ्या व्होल्टेजला इतका पातळ लेप पुरता अडवत नाही. मोठ्या मोटारीतली फेरी तोडायला तो चांगला. लहान मोटारीतल्या ठिणगीला सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग जास्त खात्रीचं, पण त्याची किंमत...

अण्णा : किंमत ऐकून मालक मलाच भंगारात घालंल. मी एंड कव्हर बोअर करून हायलमचा, म्हंजे इन्सुलेशनचा बुश बसवून देतो. जाड असतोय, पातळ लेपाचं भ्या न्हाई.

इंजिनिअर : जाडीचा मुद्दा तुमचा खरा आहे. पण हायलम तापून सैल पडलं तर रोटर मध्यावर राहणार नाही. एअर गॅप बिघडला की नवं दुखणं.

अण्णा : म्हणून तर शाफ्टला ब्रश लावा म्हणतो. साठलेलं बाहेर काढा, विषय संपला. कोल्हापूर-मिरज लाइनवर आता विजेची इंजिनं धावतात. त्यांच्या एक्सलला अर्थ ब्रश असतोच की, करंट बेअरिंगमधनं जाऊ नये म्हणून.

इंजिनिअर : असतो. पण तो शेडमध्ये ठरल्या वेळी तपासला जातो. आपल्याकडे कोण तपासणार? गिरणीत कापसाची धूळ, फौंड्रीत वाळू. ब्रशखाली थर बसला, शाफ्टवर गंज आला की ब्रश नुसता दिखाव्याचा. कार्बन तंतूंची रिंग मिळते, ती साध्या ब्रशपेक्षा टिकते, पण शाफ्ट घासून स्वच्छ केला नाही तर तिचाही उपयोग नाही. आणि मोठ्या मोटारीला नुसती पुलीकडे रिंग लावली, मागचं, म्हणजे मोटारीच्या स्वतःच्या पंख्याकडचं बेअरिंग तसंच ठेवलं, तर फिरणाऱ्या प्रवाहाला आपण वाट सोपी करून देतो. तिथे दोन्ही हवं, पंख्याकडे इन्सुलेशन आणि पुलीकडे रिंग. साधारण १०० किलोवॅटच्या पुढे बरेच मोटार बनवणारे मागितल्यास पंख्याकडचं बेअरिंग इन्सुलेटेड देतात. मागावं लागतं.

अण्णा : म्हंजे तुमचं बेअरिंगबी अपुरं, माझा ब्रशबी अपुरा. मग अर्थिंग तरी धरा. मोटारीला अर्थिंग जोरात केलंय. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून रीडिंग एक ओमच्या खाली आणलंय.

या एका वाक्यात आपल्या भागातली सर्वांत पक्की समजूत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अर्थिंगचा खड्डा माणसाचा जीव वाचवतो आणि तो चांगलाच हवा. त्याच्याशी तडजोड नाही. पण बेअरिंगचा जीव त्या खड्ड्यावर अवलंबून नाही.

इंजिनिअर : तुमचा एक ओम ५० हर्ट्‌झला खरा आहे अण्णा. ठिणगीमागचा प्रवाह लाखो हर्ट्‌झचा असतो. गोल वायरचं इंडक्टन्स मीटरमागे सुमारे एक मायक्रोहेन्री धरा. दहा मीटर वायर ५० हर्ट्‌झला काहीच अडवत नाही. तीच वायर दहा लाख हर्ट्‌झला साठ ओमच्या वर अडवते. मग तो प्रवाह तुमच्या खड्ड्याकडे कशाला जाईल? त्याला जमिनीत जायचंच नाही, त्याला ड्राइव्हकडे परत जायचंय. जवळची वाट दिली नाही तर तो मोटारीच्या फ्रेममधून शाफ्ट, कपलिंग, पंख्याची बेअरिंगं असा फिरून जातो.

अण्णा : आणि जवळची वाट म्हंजे?

इंजिनिअर : केबल. ज्या केबलमधून गेला तिच्याच आवरणातून परत. तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं आवरण असलेली, आत तिन्ही फेज आणि अर्थच्या तारा समान मांडलेल्या. दोन्ही टोकांना आवरण ग्लँडमध्ये सगळ्या बाजूंनी गच्च धरलेलं. शेपटी वळून बोल्टखाली दाबलेलं नको.

अण्णा : आमच्याकडं शेपटीच असती. नायतर तीन सुट्या वायरी, आणि अर्थची जीआय पट्टी भिंतीकडनं येगळी.

इंजिनिअर : आमच्या गिरणीतही तेच निघालं. साधी आर्मर्ड केबल होती, पण आर्मर एका बाजूला जोडलेलाच नव्हता.

अण्णा : पोलादी आर्मर चालतोय?

इंजिनिअर : तांब्याइतका नाही. पण दोन्ही बाजूंना ग्लँडमध्ये नीट धरला तर न जोडलेल्यापेक्षा कितीतरी बरा. ग्लँडखालचा रंग खरवडायचा. मोटारीच्या फ्रेमपासून मशीनच्या सांगाड्याला गोल वायरऐवजी रुंद, आखूड विणलेली पट्टी द्यायची. ड्राइव्हच्या बाहेर तिन्ही फेज एकत्र ओवून फेराइटच्या रिंगा घालता येतात, त्याने झटक्याची धार कमी होते. एवढं करून मग शाफ्टवर स्कोप लावून बघायचं. मल्टिमीटर इथे आंधळा आहे. तरीही ठिणग्या पडत असतील तर तुमची रिंग, माझं बेअरिंग.

अण्णा : म्हंजे खर्चाचं शेवटी, फुकटचं आधी.

इंजिनिअर : केबल फुकट नाही.

अण्णा : नव्या जागी केबल टाकायचीच असती. फरकाचे पैसे द्यायचे. पाच वरीसात बेअरिंगला जातात त्याच्यापेक्षा कमीच असतील. मालकाला हे मी सांगू शकतो. माझं ऐकतोय तो.

या वादात मी कुणाच्या बाजूचा, ते सांगतो. रोगाच्या निदानात इंजिनिअर बरोबर आहे. ड्राइव्हच्या मोटारीत बेअरिंगमधून प्रवाह वाहतो, त्याला ग्रीसची चूक म्हणून झाकणं म्हणजे तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा विकत घेणं. पण उपायाच्या क्रमात मी अण्णांकडे झुकतो. सरसकट इन्सुलेटेड बेअरिंग घालणं हे न तपासता दिलेलं औषध आहे, आणि लहान मोटारीत ते दुखणं शेजारच्या मशीनला देतं. दहा-बारा मोटारींच्या सायझिंगला किंवा छोट्या फौंड्रीला ते परवडतही नाही. केबल, ग्लँड, आखूड बाँडिंग, कॅरिअर फ्रिक्वेन्सी या चार गोष्टी आपल्या वायरमनच्या हातातल्या आहेत, आणि त्या न करता पुढचा कुठलाही उपाय पुरता लागू पडत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ड्राइव्ह एकाकडून येतो, मोटार दुसऱ्याकडून, केबल जिथे स्वस्त तिथून, आणि जोडणी ठेकेदाराचा माणूस संध्याकाळी घाईत करून जातो. बेअरिंग गेल्यावर यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण ऑर्डरवर केबलचा प्रकार कुणीच लिहिलेला नसतो. चांगला अभियंता आणि चांगला वाइंडर दोघेही तिथे उशिरा पोचतात.

म्हणून तालुक्यातल्या कारखानदारांना विनंती आहे. पुढचा ड्राइव्ह घेताना ऑर्डरवर तीन ओळी वाढवा : आवरणाची समान मांडणीची केबल, दोन्ही टोकांना सर्व बाजूंनी धरणारे ग्लँड, आणि मोठ्या मोटारीला पंख्याकडचं बेअरिंग इन्सुलेटेड. जोडणी झाल्यावर ग्लँड उघडून दाखवायला सांगा, मगच बिल द्या. आणि ड्राइव्हवरच्या मोटारीचं बेअरिंग बदललं की जुनं फिटरला लगेच टाकू देऊ नका. ते कापून, ट्रॅक बघून, मोटारीचा नंबर आणि तारीख घालून ठेवायला सांगा.